बोटावरचा ठिपका

ठिपका पानावर नव्हता, तिच्या बोटावर होता. हे कळायला दुपार उलटावी लागली, आणि तोवर पत्रेवाल्या मामांनी निव्वळ तिच्या शब्दाखातर मुलांच्या भूगोलाचे चांगले पत्रे ठोकून वाया घालवले होते. अंधांसाठी पुस्तकं काढणारा तो छापखाना. तिथं शाई नाही, शाईचा वास नाही. जस्ताच्या पत्र्यावर ठिपके उठवायचे, पत्र्यात जाड कागद दाबायचा, की कागदावर ठिपके उमटतात आणि त्यांचीच अक्षरं होतात. पुस्तक निघण्याआधी प्रत्येक पान कच्चं म्हणून तिच्या टेबलावर यायचं. ती उजव्या तर्जनीनं ओळ वाचत मोठ्यानं म्हणायची, आणि समोर बसलेली प्रतवाली तीच ओळ डोळ्यांनी छापील प्रतीत धरायची. जिथं दोघींचं जुळलं नाही तिथं चूक. मग मामांनी पत्रा काढून नको असलेला ठिपका हातोडीनं सपाट करायचा. त्या दिवशी ओळींच्या शेवटाला एक ठिपका जास्त लागायला लागला. ओळ संपली की तिचं बोट शेवटच्या अक्षरावर किंचित रेलायचं, डावा हात खालची ओळ शोधेपर्यंत. ही तिची जुनी सवय. आणि नेमका तिथंच तो ठिपका, उजवीकडं, खाली, टोचल्यासारखा.

"मामा, याही ओळीत आहे."

"मला तर दिसत नाही हो ताई." मामांनी पत्रा खिडकीपाशी नेला असावा, त्यांचा आवाज लांबून आला. "वर करून बघितला, आडवा करून बघितला."

"दिसायला कशाला हवा? मी सांगतेय ना."

"तेही खरंच. आंधळ्यांच्या छापखान्यात डोळसाचं ऐकतो कोण!" मामा हसले, प्रतवाली हसली, आणि हातोडीची टकटक सुरू झाली. मामांनी आपल्या डोळ्यांना वय झालं म्हणून दोष दिला आणि जवळचा जो ठिपका जरा उंच वाटला तो बसवून टाकला. तिच्या बोटावर अविश्वास दाखवायचं त्या खोलीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पुढं धडा संपला. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. तिचं बोट सवयीनं त्या कोऱ्या कागदावर उतरलं आणि कोऱ्या कागदावरही ठिपका लागला. तिनं बोट उचललं. टेबलाच्या लाकडावर टेकवलं. लाकडावर ठिपका. खुर्चीच्या दांडीवर, पाण्याच्या गार पेल्यावर, आपल्याच दुसऱ्या तळहातावर. जिकडं बोट न्यावं तिकडं तो तिच्या आधी जाऊन बसलेला. प्रतवाली म्हणत होती, "ताई, पुढचा धडा घेऊ ना? नद्यांचा आहे," आणि तिचं बोट अजून तळहातावरच होतं. आत कुठंतरी जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं होतं.

बरं, ठिपका म्हणजे काही एकाएकी आलेला पाहुणा नव्हता. आधी तळपायांना खाज सुटली होती, मग डाव्या तळव्याला. नवरा तिचा हात दिव्याखाली धरून बघायचा आणि जे दिसेल ते तिला सांगायचा. तो आयुष्यभर बसस्थानकावर गाड्या पुकारत आला होता. निवृत्त झाला तरी त्याचं बोलणं कर्ण्यातून आल्यासारखंच राहिलं होतं. "कातडीच्या आत पिवळे पिवळे थेंब," तो पुकारायचा. "काही सुकून तपकिरी. अंगठ्याच्या मुळाशी साल निघतेय." तिला रंगांचं काही नव्हतं. गोवर डोळे घेऊन गेला तेव्हा ती इतकी लहान होती की पिवळा म्हणजे काय ते तिच्यापाशी उरलंच नव्हतं. पिवळं म्हणजे तिच्या लेखी ऊन लागलेल्या भिंतीची धग. पण थेंब तिला कळत होते. ते रात्रभर तळव्यात ठसठसायचे. तरी ते तळव्यावर होते तोवर तिनं मनावर घेतलं नाही. तळव्याचं काय, तळवा वाचत थोडाच होता.

त्याआधीच्या, सांधे धरलेल्या वर्षांची तिला आठवण नको असायची, पण आठवणीला कोण विचारतं. सकाळी उठावं तर हात दुसऱ्याच कुणाचे तरी, रात्रीतून कुणी लाकडाचे करून ठेवलेले. पेला दोन्ही तळव्यांत चिमटून उचलायचा. नवऱ्यानं बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायची, त्यानं केस विंचरायचे, त्यानं ब्लाऊजची बटणं लावायची, तीही एक घर चुकवून, आणि वर म्हणायचं, "फलाट बदललाय, नोंद घ्यावी." ती हसायची, कारण रडायला वेळ आणि ताकद दोन्ही लागतं. मात्र त्या सगळ्या वर्षांत वाचणं सुटलं नव्हतं. मनगट उचलता येत नव्हतं तर पान उतरत्या फळीवर ठेवून हात वरून खाली घसरवायचा. बोट वाकडं झालं तर त्याच्या बाजूनं वाचायचं. सांधा ओरडत असायचा आणि त्याच्या टोकाशी असलेली ती तांदळाएवढी जागा शांतपणे आपलं काम करत असायची. घरात भांडण चाललेलं असताना कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या गुणी मुलीसारखी.

मग इंजेक्शन आलं. दर पंधरवड्याला पोटावर, पेनासारख्या नळीतून. नवऱ्यानं मोजून चिमटी धरायची आणि 'गाडी सुटली' म्हणायचं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की ही नेहमीची गोळी नाही, जिवंत पेशींमध्ये वाढवलेलं औषध आहे. शरीराचं शरीराशी भांडण लागलंय, त्या भांडणातला एक निरोप्या हे औषध वाटेतच अडवतं. निरोप पोचला नाही की सूज नाही. आणि खरोखरच एका सकाळी ती उठली आणि टॉवेल पिळला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं तेव्हा तिला कळलं की आपण पिळतोय. ती तशीच उभी राहून तो कोरडा होईतो पिळत राहिली. बरण्या उघडू लागली, बटणं लावू लागली. नवऱ्याला आनंद झाला. पण त्याच आठवड्यात तो उगाच घरात फिरायला लागला, एका बरणीचं घट्ट लावलेलं झाकण पुन्हा घट्ट करत. "आता मला कामावरून कमी केलं म्हणायचं," तो म्हणाला. तेही पुकारल्यासारखंच म्हणाला, म्हणून त्यात दुःख किती आणि थट्टा किती, हे तिला वेगळं करता आलं नाही.

आता बोट. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले. त्यांचे हात गार होते, नखं कापलेली. "हे औषधानंच झालंय," त्या म्हणाल्या. "आणि चमत्कारिक गोष्ट अशी की कातडीच्या अगदी अशाच आजारावर हेच औषध आम्ही देतो. बहुतेकांचा तो बरा होतो. थोड्यांना मात्र नसलेला उठतो."

"म्हणजे डॉक्टरनंच चोर घरात आणून सोडला," नवरा म्हणाला.

"तसं समजा. एका गल्लीत निरोप्या अडवला की कधीकधी दुसऱ्या गल्लीत आरडाओरडा वाढतो. तो कुणाच्या घरात वाढेल हे आधी सांगता येत नाही." त्यांनी ते सरळ सांगितलं, सारवासारव केली नाही, आणि त्याबद्दल तिला बरं वाटलं. त्यांनी मलम दिलं, हातमोजे दिले, थोडं थांबून बघू म्हणाल्या. मलम लावलं की बोट तुपात बुडवल्यासारखं व्हायचं आणि अक्षरं त्याच्याखालून निसटायची. मलम नाही लावलं की कातडी वाळायची, जाड व्हायची, मग एका कडेनं उचकटायची. जुनी साल गेली की खालची नवी कातडी इतकी कोवळी, इतकी घाबरट, की तिला सगळेच ठिपके सारखे बोचायचे. आणि तिला शहाणपण यायच्या आत पुन्हा थेंब. उजवी तर्जनी गेली. तिनं डाव्या तर्जनीला शिकवायला घेतलं, ती मतिमंद मुलासारखी चाचपडत होती, तिलाही थेंब आले. मधल्या बोटाला अक्षरं कधीच आली नव्हती.

छापखान्यात कुणी एक शब्द वावगा बोललं नाही, हेच जड झालं. मामांनी बिघडलेल्या पत्र्यांचा दोष आपल्याकडं घेतला. प्रतवालीनं दोन दिवस कसंनुसं बोलून शेवटी विचारलं, "ताई, राग मानू नका, पण हे लागत नाही ना दुसऱ्याला?"

"नाही लागत."

"तसं नाही हो, घरात तान्हं आहे म्हणून विचारलं. मला काही वाटत नाही." आणि मग तिनं चहा दिला तो कप टेबलावर ठेवून, हातात न देता. व्यवस्थापक साहेबांनी बोलावलं, खुर्ची स्वतः ओढून दिली. "हल्ली सगळं कानावर आलंय ताई. कॉम्प्युटर वाचून दाखवतो. तुमचा कान तयार आहे. आपण ध्वनिमुद्रित पुस्तकांकडं तुमची बदली करू. पगार तोच, बसणं तेच." त्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. ती "बघते" म्हणाली. उठताना तिच्या मनात आलं, यांना कसं सांगावं की ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे. यांच्या दृष्टीनं दोन्ही एकच, कारण हे डोळ्यांनी वाचतात आणि डोळ्यांना कुणी कधी हात लावलेला नसतो.

शाळेत असताना ती बाकाखाली वाचायची. तास चालू आहे, शिक्षक इतिहास सांगतायत, तिचं तोंड सरळ फळ्याकडं, चेहरा इतका एकाग्र की शिक्षक म्हणायचे, हिच्याकडून शिका. आणि मांडीवर उघडं ठेवलेलं पुस्तक, त्यावर हात, समुद्रावर वादळ सुटलेलं, जहाजाची डोलकाठी मोडलेली. कुणाला पत्ता नाही. पुढं लग्न झालं, सासरी माणसं फार, एकच खोली. तरी पदराखाली हात घेऊन ती आपली आपण असायची. तिच्यासमोर बसून लोक बोलत राहायचे, ती हुं म्हणत राहायची आणि बोट पदराखाली चालत राहायचं. दुसऱ्या कुणाचा आवाज मध्ये न येता एखादी गोष्ट थेट आत जाते, ती फक्त तिथं. आणि सकाळी, तोंडात पाण्याचा थेंब घेण्याआधी, एक पान. तो नेम तिनं हॉस्टेलात असल्यापासून चालवला होता. पान कसलंही असो, स्तोत्राचं असो नाहीतर कुणा साधुपुरुषाच्या चरित्राचं. वाचायचं हळू, देवाच्या समोर बसून कुणाला न ऐकू येणारं. दुखण्याच्या दिवसांत पान पुरं व्हायला ऊन वर यायचं, पण झाल्याशिवाय पाणी नाही.

"त्यात काय," नवरा म्हणाला, "मी वाचून दाखवतो की. मला काय काम आहे?" आणि त्यानं छापील पोथी आणून रोज सकाळी वाचायला सुरुवात केली. तो मन लावून वाचायचा, वाईट हेच होतं. त्याच्या आवाजात देव स्थानकात शिरायचा आणि सुटायचा. जिथं ती थांबली असती तिथून तो पुढं गेलेला असायचा. जिथं नुसतं वाहून जायचं तिथं त्याला जांभई यायची, आणि मग दोन ओळी गळायच्या. तिला ते पाठ होतं, म्हणून गळलेलं कळायचं. एकदा तिनं म्हटलं, "अहो, एक कडवं राहिलं." तो म्हणाला, "देवाला कळलं असेल." ती पाणी प्यायली. घशाखाली गेलं, पण उपाशी राहिल्यासारखंच वाटलं. दिवसभर तिला वाटत राहिलं की आपण कुणाच्या तरी उष्ट्यावर आहोत. आणि लगेच वाटलं, किती कृतघ्न आहोत. हा बिचारा म्हातारपणी शब्द चाचपत वाचतोय. थकवा या दोन वाटण्यांच्या मध्ये होता. हात दुखत नव्हते, पाय चालत होते, आणि ती इतकी थकली होती की दुपारी खुर्चीत बसलं तर संध्याकाळ कुणीतरी येऊन सांगावी लागे.

मलमानं भागलं नाही तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बसवून घेतलं. "आता दोन वाटा आहेत. औषध चालू ठेवायचं, कातडीवर जोराचे उपाय करायचे. सांधे चांगले राहतील, बोटांची टोकं कितपत परततील सांगता येत नाही. नाहीतर औषध बंद करायचं. काही महिने कातडीला निवू द्यायचं, मग दुसऱ्या जातीचं औषध बघायचं. पण मधल्या काळात सांधे पुन्हा धरतील. आणि एकदा सोडलं की त्यांची झालेली झीज भरून येत नाही, हेही लक्षात घ्या. तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न तिला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. लोक काय दुखतंय विचारत. "टोकं," ती म्हणाली. "बोटांची टोकं."

"सांधे धरतील."

"धरू देत."

बाहेर, लोकांनी भरलेल्या दवाखान्याच्या लांब ओसरीत, तिचा दंड धरून चालताना नवऱ्याची पकड घट्ट होत गेली. "मला विचारलंस?"

"काय विचारायचं होतं?"

"तुझे केस कोण विंचरणार? तुला संडासातून कोण उठवणार? माझी कंबर बघितलीस का कधी? नाही, तुला दिसत नाही, कबूल. पण ऐकू तरी येतं ना, उठताना मी काय आवाज करतो ते?" तो आता पुकारत नव्हता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं त्याचा हा आवाज क्वचितच ऐकला होता, खालचा, भेगाळलेला. "चार चांगले महिने मिळाले मला. वाटलं, सुटलो. तू पण, मी पण. आणि तू म्हणतेस धरू देत! कशासाठी, तर वाचायला. मी वाचून दाखवतोय ते काय?"

"तुम्ही चांगलं वाचता."

"मग?"

आजूबाजूला माणसं खोकत होती, कुठंतरी चाकाची खुर्ची करकरत गेली. हे स्वार्थीपण आहे का, तिनं स्वतःला विचारलं, आणि आतून उत्तर आलं, आहे. देवापुढं खोटं कशाला बोला. आपल्याला एका तांदळाएवढ्या जागेसाठी एका माणसाची कंबर मोडायची आहे. तिला त्याच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं, पण चार माणसांत ते त्यांनी कधीच केलं नव्हतं. बसमध्ये दोघं शेजारी बसले आणि घरी येईपर्यंत त्यानं एकाही थांब्याचं नाव घेतलं नाही.

पंधरवडा आला, पोटाला चिमटी बसली नाही. पुढचाही तसाच गेला. सांधे आधी कुजबुजले, मग बोलायला लागले, आणि एका सकाळी त्यांनी घर ताब्यात घेतलं. हात पुन्हा लाकडाचे. छापखान्यातून तिनं बिनपगारी रजा घेतली, प्रतवालीचा फोन आला, "ताई, तुमच्या जागी आलेली मुलगी इतकी भरभर वाचते की मला जांभई द्यायला वेळ नाही, लवकर या." नवरा पहाटे उठून तिला उठवायचा, ओठ मिटून सगळं करायचा, उठताना कंबरेतून येणारा तो आवाज मात्र दाबायला लागला होता, आणि न आलेला आवाज तिला जास्त ऐकू यायचा. आणि टोकं? ती अजून बंदच होती. थेंब कमी झाले होते, पण कातडी बुटाच्या तळासारखी राहिली होती. सांधे लगेच परत आले, कातडी येईना. एक सोडलं ते गेलं, दुसरं मिळालं नाही. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागतो. वेळच तर होता. ती खिडकीशी बसून असायची, हात मांडीवर उताणे, कुणी काही ठेवून जाईल म्हणून पसरल्यासारखे. पोथी वाचून घेणं तिनं थांबवलं होतं. "आज नको," म्हणायची, आणि पाणी तसंच प्यायची. नेम मोडला होता. आकाश कोसळलं नाही. तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

एक दिवस सकाळी नवऱ्यानं चहा आणून तिच्या तोंडाशी धरला. कप नेहमीचा नव्हता. कडेला एक टवका उडाला होता, तिचा वरचा ओठ त्यावर टेकला आणि तिला तो टवका दिसला. दिसला असंच तिला वाटलं. त्याची चिमुकली दरी, तिची एक बाजू तिरपी, दुसरी सरळ, तळाशी खरखरीत माती. तिनं चहा घेतला नाही. ओठ कडेवरून फिरवत राहिली.

"गरम आहे का?"

"नाही. ठेवा तिकडं. आणि माझं पुस्तक द्या. रोजचं."

"तुझं ते ठिपक्यांचं? हात तर असे..."

"द्या हो."

त्यानं ते तिच्यासमोर फळीवर ठेवलं, पान उघडून दिलं आणि आत गेला. भांड्यांचा आवाज आला. ती वाकली. कागदाचा वास जवळून किती वेगळा, धान्याच्या पोत्यासारखा. ओठ पानावर टेकले आणि सगळं एकदम अंगावर आलं, नुसती गर्दी, अक्षर एकही नाही. श्वासानं कागद दमट झाला. तिनं तोंड उचललं, ओठ पुसले, पुन्हा टेकले, या वेळी फक्त वरचा, मधोमध जिथं तो जरासा पुढं आलेला असतो तेवढाच. एक ठिपका. त्याच्या खाली मोकळं. मग आणखी एक. तिला ते अक्षर लहान मुलाला ओळखावं तसं ओळखता आलं, चेहऱ्यावरून नव्हे, उभं राहण्यावरून. पुढचं अक्षर. ते सुटलं, पुन्हा मागं. मान अवघडली, मणक्यातून कळ थेट कानामागं गेली. एका शब्दाला इतका वेळ गेला की आतली भांडी घासून संपली. 'किंमत' हा शब्द पुरा झाला तेव्हा कळलं की पान भलतंच उघडलंय. हे अगदी पहिलं, पुस्तकाच्या किमतीचं आणि छापणाऱ्याच्या पत्त्याचं. तिला हसू आलं आणि हसण्यानं ओळ हरवली.

"अगं! काय झालं?" तो दारात होता. "चक्कर आली? रडतेस?"

"नाही. वाचतेय."

तो जवळ आला. त्याच्या हातांना साबणाचा वास होता. "तोंडानं?"

"ओठानं. किंमत वाचली, आता पत्ता चाललाय."

"मी सांगू पत्ता?"

"नको." ती पुन्हा वाकू लागली आणि मान अर्ध्यात अडकली, न खाली न वर. "मान राहत नाही हो," ती म्हणाली. "जरा धराल?"

खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. तो बसताना कंबरेतून आलेला आवाज त्यानं या वेळी दाबला नाही. मग त्याचा ओला पंजा तिच्या कपाळाखाली आला, दुसरा मानेमागं, आणि तिच्या डोक्याचं सगळं वजन, इतक्या दिवसांचं, त्याच्या तळहातात उतरलं. तिनं ओठ टेकले. तो काही विचारत नव्हता, वाचत नव्हता. नुसतं धरून होता, आणि त्याचा श्वास तिच्या केसांत लागत होता. अक्षरामागून अक्षर गेलं. ओळ संपली.

"पुढं," ती कागदातच पुटपुटली, आणि त्यानं तिचं डोकं हळूच एक ओळ खाली आणलं.